मोरियार्टीने दारं कशी उघडली? (सोसायटी ग्रुप, गंगापूर रोड, नाशिक)

*बी-४०२ काकू:* काल क्लबहाउसमध्ये 'शेरलॉक' मालिकेच्या दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग ज्यांनी बघितला नाही, त्यांनी पुढचं वाचू नका. खलनायक मोरियार्टीने टॉवर ऑफ लंडन, बँक ऑफ इंग्लंड आणि पेंटनव्हिल तुरुंग एकाच वेळी उघडले. कसे, सांगा बरं?

*ए-१०१ रोहित:* काकू, फोनमधला कोड!

*बी-४०२ काकू:* कोड नव्हताच रे. गच्चीवर तो स्वतःच सांगतो, तिन्ही ठिकाणची आतली माणसं फोडली होती. त्याच्या खटल्यातही तेच. बचावाला एक साक्षीदार नाही, न्यायाधीशांनी ज्युरीला दोषी ठरवायलाच सुचवलं, तरी सुटला. ज्युरीतल्या प्रत्येकाला हॉटेलच्या टीव्हीवरून घरच्यांच्या जिवाची धमकी गेली होती.

*सी-३०३ पवार दादा:* मला राजदूताच्या मुलांचं अपहरण त्याहून भयंकर वाटतं. जवसाच्या तेलाने उमटलेला पायाचा ठसा. त्यात खडू, डांबर, विटांची भुकटी, ग्लिसरॉल. तेवढ्यावरून शेरलॉक ॲडलस्टोनचा बंद पडलेला गोळ्या-चॉकलेटांचा कारखाना शोधतो. मुलं सापडतात, पण मुलगी त्याला बघताच किंचाळते. मग पोलिसांतल्या सार्जंट डोनोव्हनच्या मनात येतं, एका ठशावरून एवढं कळलं कसं? ज्या कसबावर त्याचं नाव झालं, तेच त्याच्याविरुद्ध पुरावा. असा डाव मी दुसऱ्या कुठल्याच मालिकेत पाहिला नाही.

*बी-४०२ काकू:* आणि रिचर्ड ब्रूक! मोरियार्टीने घेतलेलं नाव, आपण शेरलॉकने पैसे देऊन उभा केलेला नट असल्याचं सोंग. पत्रकार किटी रायलीला ते पटतं, कारण शेरलॉकच्या लहानपणाचे तपशील खरे असतात. चौकशीत शेरलॉकचा भाऊ मायक्रॉफ्टनेच ते मोरियार्टीला पुरवलेले. मोरियार्टी झालेल्या ॲण्ड्र्यू स्कॉटला २०१२चा बाफ्टा पुरस्कार मिळाला तो उगाच नाही.

*ए-१०१ रोहित:* मग मोरियार्टी हरला कुठे? शेरलॉकने गच्चीवरून उडी मारली नाही तर मारायला त्याच्या जवळच्या जॉन, मिसेस हडसन, लेस्ट्राड, तिघांवर बंदुका रोखलेल्या.

*सी-३०३ पवार दादा:* बंदुका मागे घ्यायचा इशारा मोरियार्टीकडेच होता. म्हणजे तो जिवंत असेतोवर उडी टाळता येत होती. शेरलॉकने हे ओळखलं, म्हणून मोरियार्टीने स्वतःच्या तोंडात गोळी घालून घेतली.

*ए-१०१ रोहित:* आणि उडीनंतर जॉनला शेरलॉकची नाडी लागली नाही, ते कसं?

*बी-४०२ काकू:* बार्ट्स हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शेरलॉक चेंडू आपटत बसतो, तो बघ. काखेत दाबला की मनगटाला नाडी लागत नाही. जॉनला "तिथेच थांब" म्हणतो, कारण मधल्या बुटक्या इमारतीमुळे तिथून जमीन दिसत नाही.

*सी-३०३ पवार दादा:* काकू, माझ्या मते मोरियार्टीची मूळ चूक म्हणजे बार्ट्समधली मॉली. पहिल्या सीझनमध्ये लॅबपर्यंत पोचायला त्याने तिच्याशीच ओळख वाढवली होती. पण शेरलॉकच्या जवळची माणसं मोजताना तिला धरलंच नाही. शेरलॉक मदत मागायला गेला तो नेमका तिच्याकडेच.

*ए-१०१ रोहित:* तिसऱ्या सीझनचा पहिला भाग शनिवारी ८ वाजता लावतो. तोवर कुणी काही फोडू नका, प्लीज.