बाहुलीला चुकू द्या
वर्गात हातात घालून बोलवायची बाहुली (पपेट) आणली की पहिली-दुसरीची मुलं नुसती हसतात, शिकत काही नाहीत असं म्हणताय, तर मग तिला टीचर करूच नका ना, वर्गातली सगळ्यात कच्ची विद्यार्थिनी करा. ती ७ आणि ५ मिळून ११ म्हणाली की अख्खा वर्ग 'नाही गं, बारा!' म्हणून ओरडतो आणि एरवी तोंड न उघडणारं पोरही तिला बोटं मोजून दाखवायला पुढे येतं, कारण चूक त्याची नसते. बाहुली बनवायला जुना मोजा आणि डोळ्यांना दोन बटणं, बास. फक्त ती बोलत असताना आपण तिच्याकडेच बघायचं म्हणजे मुलांचीही नजर तिच्यावरच राहते. आणि उत्साह खरा हवा हं, ओढूनताणून आणलेला मुलं लगेच ओळखतात. रोज पाचेक मिनिटंच काढा, जास्त वेळ ठेवली की नवलाई जाते.