स्क्रीन फुकट झाल्यावर यूएक्सवाल्याने बडोद्यात करायचे काय?

प्रश्न : दांडियाबाजारकर

मी बडोद्याच्या फाइन आर्ट्‌समधून उपयोजित कला शिकलो. सुरुवातीची तीन वर्षे रावपुऱ्यातल्या एका छापखान्यात लग्नपत्रिका आणि औषधांची खोकी मांडण्यात गेली, मग वेबसाइटींकडे वळलो. गेली सहा वर्षे कारखान्यांच्या वीजवापरावर लक्ष ठेवणारे मोबाइल अ‍ॅप बनवणाऱ्या एका कंपनीत यूएक्स डिझायनर म्हणून, म्हणजे वापरणाऱ्याला सोपे जाईल अशी स्क्रीनची रचना करण्याचे, काम करतो आहे. या काळात हत्यारे किती वेळा बदलली, हे आठवले की मौज वाटते. एके काळी फोटोशॉपमध्ये पान रंगवून त्याचे तुकडे प्रोग्रामरच्या हाती देणे यालाच काम समजले जाई. २०१६ मध्ये फिगमा हे ऑनलाइन डिझाइनचे साधन सर्वांसाठी खुले झाले आणि एकाच फाइलवर पाच जणांनी एकदम काम करणे पुढे अंगवळणी पडले. त्यानंतर तयार घटकांच्या डिझाइन सिस्टीम आल्या आणि प्रत्येक बटण नव्याने काढण्याचा खटाटोप संपला. दर वेळी माझे थोडे काम गेले आणि त्याहून थोडे जास्त आले, म्हणून कधी धास्ती वाटली नाही.

गेल्या महिन्यात मात्र वाटली. आमच्या साहेबांनी एका एआय साधनाला चार ओळींत गरज सांगितली आणि जेवणाच्या सुट्टीपूर्वी अकरा स्क्रीन तयार करून घेतल्या. त्या वाईट निघाल्या असत्या तर मला बरे वाटले असते. अंतरे बरोबर होती, रंग सुसह्य होते, आणि यादी रिकामी असताना काय दिसावे हेसुद्धा त्यांत होते, जे मी स्वतः निम्म्या वेळा विसरतो. साहेबांच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता. ‘आता तुझा वेळ कशाला लावायचा?’ एवढेच त्यांनी विचारले, आणि मला उत्तर सुचले नाही.

दुसरी गोष्ट घरातली. आईच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये मराठी निवडता येते, म्हणून मी मोठ्या हौसेने ती निवडून दिली. ‘पैसे पाठवा’ या बटणावर ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने ठेवलेली असल्यामुळे वरच्या मात्रा कापल्या जातात आणि तिला ते ‘पस पाठवा’ असे दिसते. तिने आठवडाभर त्या बटणाला हात लावला नाही, कारण अशुद्ध लिहिलेले बटण म्हणजे फसवणूक, हे तिने मनाशी पक्के धरले आहे. साहेबांच्या त्या अकरा स्क्रीनमध्ये मी मराठी मजकूर घालून पाहिला, तेव्हा तिथेही मात्रा कापल्या गेल्या.

माझे विचारणे असे, की या कामाचा नेमका कोणता भाग माणसाकडे उरतो, आणि तो शिकण्यासाठी पुणे किंवा बेंगळुरू गाठणे भाग आहे, की इथे राहूनही ते जमेल?

उत्तर : पॅनेलवाले काका

मी डिझायनर नाही. एकतीस वर्षे रासायनिक कारखान्यांच्या नियंत्रण कक्षांत इन्स्ट्रुमेंटेशनचे, म्हणजे मापक यंत्रांचे, काम केले आणि आता निवृत्त आहे. तरीही उत्तर देण्याचे धाडस करतो, कारण आमच्याकडेही एक गोष्ट अशीच एकाएकी फुकट झाली होती.

मी नोकरीला लागलो तेव्हा नियंत्रण कक्षात भिंतभर पॅनेल असे. त्याच्या वरच्या भागात अलार्मच्या खिडक्या असत : छोटी काच, काचेवर कोरलेला मजकूर आणि मागे दिवा. नवा अलार्म हवा असेल तर खिडकी रिकामी आहे का ते पाहावे लागे, नसेल तर पत्रा कापावा लागे, प्लांटमधून केबल ओढावी लागे आणि त्यासाठी शटडाउनची वाट पाहावी लागे. या सगळ्या दगदगीमुळे आमचे वरिष्ठ मागणाऱ्याला एकच प्रश्न विचारीत, की हा वाजल्यावर ऑपरेटरने काय करायचे. उत्तर नसेल तर खिडकी मिळत नसे. पुढे संगणकावर चालणारी डीसीएस प्रणाली आली आणि अलार्म लावणे म्हणजे एका चौकटीत आकडा टाइप करणे एवढेच उरले. प्रत्येक मापाला हाय, हाय-हाय, लो, लो-लो असे चार-चार अलार्म लागू लागले. खर्च संपला, त्याबरोबर तो प्रश्न विचारणाराही संपला. एका रात्रपाळीला मी पाहिले, की आमचा बोर्डमन, म्हणजे पडद्यासमोर बसणारा ऑपरेटर, डाव्या हाताने अलार्म स्वीकारण्याची कळ दाबत होता आणि उजव्या हाताने डबा खात होता. पडद्याकडे त्याची नजरसुद्धा नव्हती. मी रागावणार होतो, पण यादी पाहिल्यावर गप्प बसलो, कारण तिच्यात वाचण्यासारखे काही नव्हतेच.

हे केवळ आमच्या गावचे दुखणे नव्हते. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोट झाला. त्यापूर्वीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते. त्यांत जो महत्त्वाचा होता तो बाकीच्यांसारखाच दिसत आणि वाजत होता. त्यानंतर १९९९ मध्ये ईमुआ या ब्रिटिश संस्थेने अलार्मविषयी जी मार्गदर्शिका काढली तिने ऑपरेटरला झेपेल असे जे सरासरी प्रमाण सांगितले, ते दहा मिनिटांना एक अलार्म इतकेच आहे. पडद्यांची रचनाही त्यानंतर बदलत गेली. आमच्या पहिल्या डीसीएसवर काळ्या पार्श्वभूमीवर हिरवे पाइप, लाल पंप, निळ्या टाक्या असा दिवाळीचा थाट असे. आता करड्या पार्श्वभूमीवर करडीच चित्रे काढतात आणि काही बिघडले तरच रंग दिसतो. २०१५ साली आयएसए या ऑटोमेशन क्षेत्रातल्या संस्थेने यासाठी स्वतंत्र मानकच काढले. नव्या पिढीच्या इंजिनिअरांना हे पडदे बेचव वाटतात, पण रात्री तीन वाजता बेचव पडदाच बरा.

आणखी एक सांगतो, कारण त्याचा तुमच्या पेशाशी थेट संबंध आहे. मार्च १९७९ मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक व्हॉल्व्ह उघडा अडकला. पॅनेलवरचा दिवा मात्र व्हॉल्व्हची स्थिती दाखवत नव्हता, बंद होण्याचा आदेश गेला की नाही एवढेच दाखवत होता. दिवा विझला म्हणून ऑपरेटरांनी व्हॉल्व्ह बंद झाला असे धरले आणि दोन तासांहून अधिक काळ पाणी निसटत राहिले. त्या नियंत्रण कक्षाचा अभ्यास करायला बोलावलेल्यांमध्ये मानसशास्त्राचे अभ्यासक डॉन नॉर्मन होते. हेच नॉर्मन पुढे १९९३ मध्ये अ‍ॅपलमध्ये गेले आणि त्यांनी ‘यूजर एक्सपीरियन्स’ हे शब्द आपल्या पदनामात घेतले. म्हणजे ज्याला तुम्ही मोबाइलचे शास्त्र समजता त्याचे आजोळ आमच्याकडे, पॅनेलच्या खोलीत आहे.

तेव्हा माझ्या अल्पमतीप्रमाणे, साहेबांनी अकरा स्क्रीन काढल्या म्हणून घाबरू नका. त्या अकरांपैकी कोणत्या काढून टाकायच्या, हे कोणी विचारले का ते पाहा. तुमचे अ‍ॅप कारखान्यांत चालते म्हणता, तर मकरपुऱ्याच्या एखाद्या ग्राहकाकडे रात्रपाळीला चार तास बसून या. बेंगळुरूला हे कोण शिकवणार?

उत्तर : निरीक्षक_कारेलीबाग

काकांचे बहुतेक सगळे पटले. मी गेली नऊ वर्षे वापरकर्त्यांचा अभ्यास करण्याचे काम करते आणि मूळची इथलीच आहे. एका बाबतीत मात्र मला वेगळे म्हणायचे आहे. काकांचा बोर्डमन प्रशिक्षित होता, पगारी होता, आणि पडदा कितीही वाईट असला तरी खुर्ची सोडून जाऊ शकत नव्हता. आपला वापरकर्ता अ‍ॅप काढून टाकतो, किंवा दांडियाबाजारकरांच्या मातोश्रींप्रमाणे गप्प बसतो. गप्प बसलेल्या माणसाची नोंद कोणत्याही आकडेवारीत होत नाही, म्हणून त्याच्या शेजारी जाऊन बसावे लागते.

एक अनुभव सांगते. आम्ही छोट्या दुकानदारांसाठी जमा रकमांच्या यादीची स्क्रीन केली होती आणि तिच्यावर तीन आठवडे खर्च केले होते. ती घेऊन एका सेवउसळीच्या गाडीवर गेले. त्या भावांचे दोन्ही हात सकाळी सात ते अकरा रश्श्यात असतात. ते फोनकडे पाहतच नाहीत, रक्कम बोलून दाखवणारी पेटी ऐकतात. त्यांची खरी अडचण निराळीच निघाली. दोन गिऱ्हाइकांनी एकदम साठ-साठ रुपये दिले, तर पेटी दोनदा बोलली की एकदाच, आणि एकदाच बोलली असेल तर पैसे कोणाचे आले, हे त्यांना कळत नव्हते. यावर उपाय स्क्रीनमध्ये नव्हता, पेटीने पैसे देणाऱ्याचे नाव बोलण्यात होता. हे आम्हाला पहिल्या वीस मिनिटांत कळले, आणि कोणत्याही एआयला आम्ही ते विचारलेच नसते, कारण विचारायचे काय हेच माहीत नव्हते.

हे अशासाठी लिहिते, की हल्ली वापरकर्त्यांच्या जागी एआयकडूनच उत्तरे वदवून घेण्याची टूम निघाली आहे. ‘पन्नाशीची बडोद्याची गृहिणी’ असे लिहिले की ते साधन तिच्या वतीने अस्खलित उत्तरे देते. मी ते वापरून पाहिले. प्रश्नावलीतले ढोबळ दोष काढायला ते बरे आहे, पण ती गृहिणी कधी गोंधळत नाही, कधी लाजत नाही आणि ‘पस’ वाचून कधी थबकत नाही. खरी माणसे फार लागत नाहीत. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी केव्हाच मांडून ठेवले आहे, की एका फेरीत पाच जणांबरोबर चाचणी केली तरी बहुतेक ठळक अडचणी वर येतात, आणि पंधरा जणांची एक मोठी चाचणी करण्यापेक्षा मधे दुरुस्त्या करीत पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या करणे चांगले. पाच माणसे दांडिया बाजारातल्या एका वाड्यातही मिळतात.

कामाची दुसरी वाढ कायद्याच्या बाजूने झाली आहे, आणि तिच्याकडे आपल्याकडचे डिझायनर फारसे पाहत नाहीत. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’वरची, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या रचनांवरची, मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांत १३ प्रकार नावानिशी दिले आहेत : खोटी घाई दाखवणे, टोपलीत गुपचूप वस्तू टाकणे, नको म्हणणाऱ्याला लाजवणे, वर्गणीतून बाहेर पडू न देणे, सतत टोचत राहणे वगैरे. पूर्वी मार्केटिंगवाल्यांशी मला चांगुलपणाच्या भाषेत भांडावे लागे, आता नियमाचा आधार देता येतो. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणे हा अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. अर्जदारांत अ‍ॅसिड हल्ल्याला बळी पडलेल्या महिला होत्या. केवायसी करताना डोळ्यांची उघडझाप करून दाखवण्याची अट त्यांना पाळताच येत नव्हती. ती अट ज्याने घातली त्याला कदाचित तो तांत्रिक तपशील वाटला असेल. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने तर संमतीची सूचना इंग्रजीबरोबर आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय द्यायला सांगितले आहे. म्हणजे मात्रा कापल्या जाणे हा आता हौशी मराठीप्रेमाचा विषय राहिलेला नाही. जाता जाता सांगते, ओळीची उंची तपासण्यासाठी मी ‘कीर्तीं’, ‘पैंजण’, ‘ट्रॅक्टर’, ‘कुऱ्हाड’ असे शब्द प्रत्येक बटणात घालून पाहते. खाली उकार आणि वर मात्रा दोन्ही शाबूत राहिले तरच माप पक्के करते.

उत्तर : कोटेशनवाला

वरील दोन्ही उत्तरे आदरणीय आहेत, परंतु त्यांत पैशांचा उल्लेख नाही, म्हणून मी करतो. अलकापुरीत माझे अकरा जणांचे ऑफिस आहे. मी कोटेशनमध्ये ‘वापरकर्त्यांचे निरीक्षण, पाच दिवस’ अशी ओळ लिहिली की ग्राहक पहिली तीच ओळ खोडतो, कारण त्याला हातात काही मिळत नाही असे वाटते. स्क्रीनचे मात्र तो नगावर पैसे देत असे, आणि आता तेही देईनासा झाला आहे, कारण त्याचा भाचा त्या घरी काढतो. मी गेल्या वर्षापासून ओळ बदलली. ‘मदतीसाठी येणारे फोन कमी करणे’ असे लिहितो, आधी आठवडाभर त्याच्या मदतकक्षात माणूस बसवून फोन कशासाठी येतात ते मोजतो आणि काम झाल्यावर पुन्हा मोजतो. काम तेच आहे, पण ही ओळ अजून कोणी खोडलेली नाही. पगाराबद्दल विचाराल तर पुण्यात जास्त मिळेल हे खरे आहे, त्यातले घरभाडे वजा करून पाहा.

दांडियाबाजारकर

सर्वांचे मनापासून आभार. काकांचा प्रश्न वाचून मी आमच्या अ‍ॅपमधून जाणाऱ्या सगळ्या सूचनांची यादी काढायला सांगितली. कोणाकडेच ती एकत्र नव्हती, हे पहिले आश्चर्य. त्या ४३ निघाल्या. मदतकक्षातल्या मुलीला शेजारी बसवून प्रत्येकीपुढे ‘हे आल्यावर ग्राहकाने काय करायचे’ असा रकाना भरत गेलो, तो नऊ ठिकाणीच भरला. पॉवर फॅक्टर (वीज किती कार्यक्षमतेने वापरली जाते त्याचे माप) घसरल्याची सूचना, जिच्यामुळे ग्राहकाला बिलात दंड बसू शकतो, ती ‘आपला साप्ताहिक अहवाल तयार आहे’ हिच्यासारख्याच निळ्या पट्टीत, त्याच आवाजात जात होती. तिची निळी पट्टी दोन वर्षांपूर्वी मीच काढली होती, आणि तेव्हा ती मला सुंदर वाटली होती.

यादी साहेबांना दाखवली. ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, की ३४ सूचना बंद करण्याआधी एकदा ग्राहकाला विचारून ये. त्यामुळे गुरुवारी रात्री दहा ते दोन मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याच्या पॅनेल रूममध्ये बसण्याची परवानगी मिळवली आहे. काका, आपल्याला त्रास होणार नसेल तर एक विचारतो : तिथे वही उघडून समोर बसावे, की बोर्डमन बुजतो म्हणून नुसते पाहावे आणि बाहेर आल्यावर लिहावे?

उत्तर : पॅनेलवाले काका

वही खिशात ठेवा. पहिला तासभर त्याला तुमच्या अ‍ॅपबद्दल एक अक्षर विचारू नका, आणि पॅनेलवर कुठे हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत का ते पाहा. असतील, तर त्या तेवढ्या जशाच्या तशा उतरवून आणा.