प्रायमरी सांगलीत, स्टँडबाय साताऱ्यात: भूमिका बदलल्यावर बॅकअप कोणी घ्यायचा?

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार. एका पतसंस्थेचा पोस्टग्रेस 15 वरील डेटाबेस आमच्याकडे आहे. आकार सुमारे 200 जीबी. प्रायमरी सर्व्हर (ज्यावर सर्व नोंदी लिहिल्या जातात) सांगलीच्या मुख्य कार्यालयात आहे, तर स्ट्रीमिंग रेप्लिकेशनने (बदल सतत पाठवत राहण्याची सोय) जोडलेला स्टँडबाय, म्हणजे त्याची तयार प्रत, सातारा शाखेत आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर व्यवस्थापनाने ठरवून दिले आहे की आयर्विन पुलापाशी कृष्णा 40 फुटांच्या इशारा पातळीला पोहोचली, की 45 फुटांच्या धोका पातळीची वाट न पाहता साताऱ्याचा सर्व्हर प्रायमरी करायचा आणि सांगलीचा बंद करून वरच्या मजल्यावर हलवायचा. या कामाची कार्यपद्धती लिहून ठेवलेली आहे.

बॅकअप मात्र अजून एकाच यंत्राला बांधलेला आहे. सांगलीत रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे चालवणारी सोय) पीजी_डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत काढणारा आदेश) चालतो आणि त्याच वेळी दिवसअखेरची व्याज आकारणी सुरू असल्याने दोन्ही कामे रेंगाळतात. तोच डंप स्टँडबायवरून घेऊन पाहिला, तर रिकव्हरीशी (प्रायमरीकडून आलेले बदल लागू करण्याशी) संघर्ष झाल्याने क्वेरी रद्द केल्याची त्रुटी येऊन तो मध्येच थांबतो. बॅकअप साताऱ्याहून घेणे योग्य आहे का, आणि पुराच्या दिवसांत त्याची व्यवस्था कशी असावी?

डीबीए_मिरज

त्रुटीचे कारण असे की प्रायमरीवर व्हॅक्यूमने (निरुपयोगी ओळींची साफसफाई) काढून टाकलेल्या जुन्या ओळी स्टँडबायवर चाललेल्या डंपला अजून हव्या असतात. मॅक्स_स्टँडबाय_स्ट्रीमिंग_डिले या सेटिंगची मूळ किंमत 30 सेकंद आहे. तेवढे थांबून स्टँडबाय क्वेरी रद्द करतो. हॉट_स्टँडबाय_फीडबॅक (स्टँडबायला अजून हव्या असलेल्या ओळी प्रायमरीला कळवणारी सेटिंग) सुरू केल्यास डंप सहसा पूर्ण होईल, पण तोपर्यंत प्रायमरीवर मृत ओळी साचत राहतील. व्याज आकारणीच्या रात्री हे टाळलेलेच बरे.

माझ्या मते याहून महत्त्वाची गोष्ट अशी की पतसंस्थेसाठी केवळ डंप पुरेसा नाही. दुपारी तीन वाजता कोणी अट न घालता अपडेट चालवले, तर स्टँडबाय ती चूक काही क्षणांत जशीच्या तशी उतरवून घेईल आणि आपल्या हाती काल रात्रीचा डंप उरेल, म्हणजे सकाळपासूनचा भरणा गेला. दोन वाजून एकोणसाठ मिनिटांच्या स्थितीला परतायचे असेल, तर बेस बॅकअप (डेटाबेसच्या सर्व फाइलींची प्रत) आणि त्यानंतरच्या सर्व वॉल फाइलींचे (प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद) अखंड आर्काइव्ह, म्हणजे वेगळा जपलेला साठा, दोन्ही हवेत. पीजी_बेसबॅकअप (बेस बॅकअप घेणारा आदेश) पोस्टग्रेसच्या आवृत्ती 9.2 पासून स्टँडबायवरूनही चालतो आणि तो थेट फाइली उचलत असल्यामुळे वरचा संघर्ष उद्भवत नाही. त्यासाठी प्रायमरीवर फुल_पेज_राइट्स (वॉलमध्ये पूर्ण पान लिहिण्याची सेटिंग) चालू असले पाहिजे. बॅकअप चालू असताना स्टँडबायची बढती झाली, म्हणजे तो प्रायमरी झाला, तर तो बॅकअप रद्द होतो.

अजिंक्यतारा_ऑप्स

मिरजेच्या मित्रांशी सहमत आहे. मात्र आर्काइव्हबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या पूरयोजनेचा कच्चा दुवा तिथेच आहे.

आर्काइव्ह_मोड (वॉल फाइली आर्काइव्हला केव्हा पाठवायच्या हे ठरवणारी सेटिंग) 'ऑन' असेल, तर स्टँडबाय काहीही आर्काइव्ह करत नाही. बढती मिळाल्यावर तो काम सुरू करतो, पण तेव्हाही स्वतः निर्माण केलेल्या वॉल फाइलीच पाठवतो. जुन्या प्रायमरीकडून आलेल्या पाठवत नाही. सांगलीचा सर्व्हर व्यवस्थित बंद केला, तर उरलेले वॉल स्टँडबायला आणि आर्काइव्हला पोहोचवूनच तो थांबतो. मात्र आर्काइव्हपर्यंतची जोडणी तुटली असेल किंवा वीज अचानक गेली, तर शेवटच्या काही फाइली आर्काइव्हमध्ये कधीच पोहोचत नाहीत. साताऱ्यात पोहोचलेला डेटा सुरक्षित असतो, पण आर्काइव्हच्या साखळीत खंड पडतो आणि आधीच्या बेस बॅकअपवरून त्या खंडापुढे जाता येत नाही. यावर उपाय म्हणजे स्टँडबायवर आर्काइव्ह_मोड 'ऑलवेज' ठेवणे, म्हणजे आलेल्या फाइली तोही आर्काइव्हला पाठवेल. ही सोय 9.5 पासून आहे. मग एकच फाइल दोन ठिकाणांहून येईल, म्हणून आर्काइव्ह_कमांडने (फाइल आर्काइव्हमध्ये नेणारा आदेश) आधीची फाइल तंतोतंत तीच असेल तर यश कळवावे आणि मजकूर वेगळा असेल तर अपयश. वर लिहून मात्र कधीही टाकू नये. याशिवाय बढतीनंतर लगेच नवा बेस बॅकअप घ्यावा, हे मी अनिवार्य मानतो.

क्रॉनची स्क्रिप्ट दोन्ही यंत्रांवर एकच ठेवा आणि पीजी_इज_इन_रिकव्हरी या, यंत्र स्टँडबाय आहे का हे सांगणाऱ्या फंक्शनला विचारून तिला भूमिका ठरवू द्या. इथे एक सूक्ष्म अडचण आहे. 'मी स्टँडबाय असेन तरच बॅकअप घेईन' एवढाच नियम लिहिला, तर सांगली बंद असताना स्टँडबायच उरत नाही, आणि सर्वाधिक जोखमीच्या त्या आठवड्यात कोणतीही त्रुटी न दाखवता बॅकअप थांबतो. प्रायमरीने पीजी_स्टॅट_रेप्लिकेशन (जोडलेल्या स्टँडबायची यादी) पाहावे आणि तिथे कोणी जोडलेले नसेल, तर बॅकअप स्वतः घ्यावा.

आर्काइव्हची जागा तिसरीच असावी, सांगलीच्या तळमजल्यावर तर नकोच. ती जागा बंद पडली, तर 16 एमबीच्या वॉल फाइली प्रायमरीवर साचून डिस्क भरू शकते आणि डेटाबेस थांबू शकतो, म्हणून पीजी_स्टॅट_आर्काइव्हरमधील अपयशाची वेळ नियमित तपासत राहा. बंद सर्व्हरचा रेप्लिकेशन स्लॉट (त्याच्यासाठी वॉल फाइली राखून ठेवणारी नोंद) शिल्लक असेल, तर त्यानेही हेच होते. मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइजने मर्यादा घाला.

वाईकर_लिनक्स

पीजीबॅकरेस्ट हे बॅकअपचे साधन वापरत असाल, तर बॅकअप-स्टँडबाय पर्यायाने बहुतेक फाइली स्टँडबायवरून उचलल्या जातात, पण बॅकअपची सुरुवात आणि शेवट प्रायमरीवरच नोंदले जातात. पूरकाळात स्टँडबाय नसताना हा पर्याय बंद करून आदेश द्यावा लागेल. ती ओळ आपल्या लेखी कार्यपद्धतीत आजच घाला.

कृष्णाकाठ_सांगली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'ऑलवेज' आणि तिसरी जागा हे दोन्ही बदल मान्य करून घेतो. परत उभारणीची चाचणी कशी घ्यावी, जेणेकरून लेखापरीक्षकांनाही दाखवता येईल?

डीबीए_मिरज

पीजी_व्हेरिफायबॅकअपने फाइली मॅनिफेस्टशी (बॅकअपमधील फाइलींची यादी) जुळतात का हे कळते, पण डेटाबेस उभा राहतो की नाही हे प्रत्यक्ष उभारूनच पाहावे. वेगळ्या यंत्रावर बेस बॅकअप उतरवा, रिस्टोअर_कमांड (आर्काइव्हमधून वॉल फाइली आणणारा आदेश) आणि रिकव्हरी_टार्गेट_टाइम (ज्या क्षणापर्यंत परतायचे ती वेळ) द्या (वेळेसोबत +05:30 लिहा), रिकव्हरी.सिग्नल ही रिकामी फाइल ठेवा आणि सर्व्हर सुरू करा. ठरलेल्या क्षणी तो थांबेल; तेव्हा त्या दिवसाची तेरीज (ट्रायल बॅलन्स) काढून शाखेच्या सहीच्या प्रतीशी पैशापर्यंत जुळवा. लेखापरीक्षकांना ती जुळणी लॉगपेक्षा अधिक पटते.

चाचणीसाठी बेस बॅकअप भूमिका बदलण्यापूर्वीचा आणि लक्ष्यवेळ बदलानंतरची निवडा. बढतीनंतर टाइमलाइन (वॉलच्या साखळीची शाखा) बदलते, म्हणजे वॉल फाइलींच्या नावातील पहिले आठ आकडे 00000001 ऐवजी 00000002 होतात, आणि हा सांधा ओलांडण्यासाठी हिस्ट्री फाइलही (टाइमलाइन कुठे बदलली याची नोंद) आर्काइव्हमध्ये लागते. आवृत्ती 12 पासून सर्व्हर आपणहून नवीनतम टाइमलाइन धरतो, त्यामुळे त्यासाठी वेगळी सेटिंग लागणार नाही.