यशवंतरावांच्या गृहमंत्रिपदाचा तक्ता कसा करू?

कराडचा वाचनालयवाला
आमच्या गावात आम्ही छोटं वाचनालय चालवतो. १२ मार्चला यशवंतराव चव्हाणांची जयंती, तेव्हा मुलांसाठी तक्ते लावतो. पंचायत राज, सहकार, १९६२ ला हिमालयाच्या मदतीला धावलेला सह्याद्री, सगळं असतं. यंदा आठवीतल्या मुलीनं विचारलं, "१९६६ ते १९७० ते देशाचे गृहमंत्री होते ना, मग त्याचा तक्ता कुठंय?" मला काहीच सांगता आलं नाही. घरात वडिलांनी लावलेला त्यांचा फोटो आहे, रोज दिसतो, आणि एवढंही मला ठाऊक नाही, याचं फार वाईट वाटलं. काय लिहू?

नांदेडचे सर
पक्षांतरापासून सुरुवात करा. ७ नोव्हेंबर १९६६ ला संसदेबाहेर गोहत्याबंदीच्या मोर्चावर गोळीबार झाला, गृहमंत्री गुलझारीलाल नंदांना पद सोडावं लागलं आणि १४ तारखेला यशवंतराव त्या पदावर आले. लगेच १९६७ च्या निवडणुका. कितीतरी राज्यांत काँग्रेसचं बहुमत गेलं. हरियाणात गयालाल या आमदारानं पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला. 'आयाराम गयाराम' तिथलंच. सरकारं पडायची आणि राष्ट्रपती राजवटीचं काम गृहखात्याकडं यायचं. लोकसभेच्या ठरावावरून पक्षांतरावर समिती नेमली गेली, अध्यक्ष यशवंतरावच. जयप्रकाश नारायण, हृदयनाथ कुंझरू तिच्यात होते. पक्ष सोडणाऱ्याला वर्षभर मंत्रिपद नको, मंत्रिमंडळाच्या आकाराला मर्यादा हवी, असं १९६९ च्या अहवालात आहे. पक्षांतरबंदी कायदा आला १९८५ च्या सुरुवातीला. यशवंतराव २५ नोव्हेंबर १९८४ लाच गेले होते. मंत्र्यांच्या संख्येवर मर्यादा यायला तर २००३ उजाडलं. मला याची फार हळहळ वाटते.

पुण्याची वकील
सरांचं पटलं, पण दुसरी बाजूही लिहा. युएपीए, म्हणजे बेकायदेशीर कृत्यं रोखण्याचा कायदा, ३० डिसेंबर १९६७ चा, त्यांच्याच काळातला. तेव्हा तो देशाच्या अखंडतेविरुद्धच्या संघटनांसाठी होता, दहशतवादाची कलमं २००४ मध्ये आली. १९ सप्टेंबर १९६८ चा केंद्रीय कर्मचाऱ्यांचा एक दिवसाचा संपही वटहुकूम काढून मोडला. मुलांना हे कळलंच पाहिजे. आणि पोलीस हा राज्यांचा विषय आहे, हेही त्या मुलीला सांगा.

कराडचा वाचनालयवाला
दोघांचे मनापासून आभार. १९७० ला ते पद का सुटलं?

नांदेडचे सर
जूनमध्ये इंदिराजींनी खातेबदल केला. गृह स्वतःकडं ठेवलं, यशवंतरावांना अर्थ दिलं. त्याच वर्षी सीबीआयही गृहखात्यातून निघून नव्या कार्मिक विभागाकडं गेली. पुढं शंकरराव चव्हाण, शिवराज पाटील, सुशीलकुमार शिंदे या मराठी माणसांनी गृहखातं सांभाळलं, पण त्यांच्या वाट्याला हे खातं आकसून आलं होतं.

कराडचा वाचनालयवाला
दोन तक्ते करतो. पहिल्यावर समिती, दुसऱ्यावर १९६७ चा कायदा आणि संप. अक्षर त्या मुलीचंच असेल, तिला आजच सांगितलं.