तीन दिवसांचं बाहेरगावचं लग्न, प्री-वेडिंग शूट कधी ठेवू?

प्रश्न: पहिल्यांदाच डेस्टिनेशन वेडिंगच्या फोटोंचं काम घेतलंय, तीन दिवस आणि वर समुद्रकिनाऱ्यावर प्री-वेडिंग. जोडपं म्हणतंय शूट लग्नाच्याच दिवशी सकाळी करू. जमेल का? बॅकअपचं पण टेन्शन आलंय.

उत्तर १: लग्नाच्या दिवशी अजिबात नको, दोघं दमतात आणि चेहऱ्यावर ते दिसतंच. एक दिवस आधी जा, सूर्यास्ताच्या आधीचा तास धर, भरती-ओहोटीची वेळ बघून ठेव नाहीतर ज्या खडकावर उभं करायचं ठरवलं तोच पाण्याखाली. ८५ एमएम लेन्स असेल तर एफ/२ ला (लेन्सचं छिद्र मोठं उघडून, म्हणजे मागचं धूसर होतं) सूर्य त्यांच्या पाठीमागे ठेवून काढ, केसांच्या कडेला जी सोनेरी रेघ येते ना, ती बघून जोडपं खूश होतं. पहिली पंधरा मिनिटं मात्र नुसतं चालायला लाव, तोपर्यंत हात कुठे ठेवायचे हेच त्यांना सुचत नसतं.

उत्तर २: दोन कार्ड स्लॉटवाला कॅमेराच ने, दोन्हीवर रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल). रोज रात्री दोन हार्ड डिस्कवर कॉपी आणि त्या वेगवेगळ्या बॅगेत, घरी येईपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही म्हणजे नाही. विमानाने जाणार असशील तर सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाहीत.

उत्तर ३: सेकंड शूटर, म्हणजे सोबत दुसरा फोटोग्राफर असेल तर दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं पहिल्याच दिवशी जुळव, मी विसरले होते आणि हजारो फोटो वेळेच्या क्रमाने लावताना रडकुंडीला आले.