कोकणात कॅम्पिंगला कोळशाची शेगडी नेऊ नये, असं माझं मत (चर्चा)

वाटसरू८७
गेली सहा वर्षं आम्ही व्हॅनची मागची सीट काढून, गादी टाकून किनाऱ्याने फिरतोय. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून फेरीने वेसवीला, पुढे केळशी, आंजर्ले, आणि दाभोळ-धोपावे फेरीने गुहागर. पहिली चार वर्षं सोबत घडीची कोळशाची बार्बेक्यू होती, तीच जी सुटकेससारखी मिटते. आता ती माळ्यावर आहे आणि गाडीत गॅसची ग्रिल.

कारण एका दुपारचं. सुरूच्या बनात सावली बघून शेगडी लावली. वारा समुद्राकडून, तोही जोरात. फुंकायची गरजच नव्हती, कोळसे आपोआप लाल. तेवढ्यात बांगड्याचं तेल ठिबकलं, भडका उडाला आणि दोन ठिणग्या मागे सुरूच्या वाळलेल्या सुयांवर. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन ओतला तेव्हा विझलं. संध्याकाळी चहालाही पाणी नव्हतं. गॅसला चावी आहे हो, फिरवली की संपलं. कोळशाला ती नसते. पटत नसेल तर बोला.

निखारा
पटत नाही. चूक शेगडीची नाही, वेळेची आणि जागेची. सुरूच्या सुयांवर काडी ओढलीत तरी पेटेल. आणि दुपारी खारा वारा वाहणारच, ते चौथीच्या भूगोलात होतं. दिवस मावळला की वारा पडतो, मतलई, म्हणजे रात्री जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, सुरू व्हायच्या आधी तासभर तरी सगळं शांत असतं. कोळसा तेव्हा पेटवायचा. वरून राखेचा पांढरा थर धरेपर्यंत, म्हणजे अर्धा तास, जाळीवर काही ठेवायचं नाही. भडका उडतो तो घाईने.

उलट वाऱ्याचा खरा त्रास गॅसला. आमच्या एका मित्राची ग्रिल अख्खी संध्याकाळ फुरफुरत होती, सुरमई शेवटी उकडल्यासारखी झाली. गॅसवर मासा भाजायचा तर घरचा ओटा काय वाईट? तिथे वारा तरी नाही.

तवा_गरम
दोघांच्या भांडणात माझा एक अनुभव. ज्या सपाट शेगडीत २२०-२३० ग्रॅमचा ब्यूटेनचा डबा आडवा बसतो, तिच्यावर कृपा करून मोठा बिडाचा तवा किंवा ग्रिल प्लेट ठेवू नका. डबा बर्नरच्या शेजारीच असतो. तवा त्याच्यावर आला की खालची उष्णता डब्यावर परतते, आतला दाब वाढतो आणि डबा फुटू शकतो. मी मूर्खपणा केला होता, हात लावून पाहिला तर डबा चटका बसेल इतका तापलेला. बंद केली, दहा पावलं लांब जाऊन उभा राहिलो. बायको अजून ती नक्कल करून दाखवते.

एक मात्र गॅसच्या बाजूने. दुकानदार महागडा मिश्र गॅसचा डबा गळ्यात मारतात, थंडीत चालतो म्हणून. ब्यूटेनला अडचण येते ती तापमान शून्याच्या आसपास गेल्यावर. गुहागरात थंडीतही स्वेटर लागत नाही. साधा डबा घ्या.

वाटसरू८७
@निखारा, मतलईपर्यंत थांबायचं तर पोरं बिस्किटं खाऊन झोपतात. आमची सात आणि चार वर्षांची आहेत.
@तवा_गरम, आमची नळीची आहे, छोटं सिलेंडर लांब राहतं.

निखारा
ते सिलेंडर झोपताना कुठे असतं? व्हॅनमध्येच ना? एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली फरशीवर साचतो, आणि तुमची गादीही तिथेच. चावी फिरवली की संपलं म्हणे.

सावली_शोधक
निखारासाहेब, हे तुम्हालाही लागू. पाऊस आला म्हणून विझत आलेली शेगडी तंबूत ओढणारे मी पाहिलेत, "ऊब येते" म्हणत. धूर दिसत नाही तेव्हाच कार्बन मोनॉक्साइडची भीती जास्त, कारण त्याला ना रंग ना वास. झोप लागते ती लागतेच.

मु_पो_केळशी
इथलाच आहे, म्हणून जरा तिखट लिहितो. तुम्ही दोघं चवीवरून आणि वाऱ्यावरून भांडताय. आमचा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होतो. पाहुणे निखारे वाळूत पुरतात आणि जातात. वर वाळू गार, आत चार-पाच तासांनीही धग. माझ्या पुतण्याचा तळवा असाच भाजला, पोर अनवाणी जाळं बघायला धावत होतं. कोळशावर पाणी ओता, ढवळा, परत ओता, हात लावून बघा आणि पत्र्याच्या डब्यातून घेऊन जा. पुरू नका.

दुसरं, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत आमच्याकडे, आंजर्ल्याला, वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. तुमची शेगडी आणि तो पांढरा एलईडी कंदील बघून समुद्राऐवजी तुमच्या ताटाकडे येतील. त्या महिन्यांत गॅस काय नि कोळसा काय, पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, काहीच पेटवू नका. वाडीत कुणालाही विचारा, अंगणात जागा देतात. करवंट्याही देतील, त्यांचा विस्तव बांगड्याला कोळशापेक्षा सरस.

निखारा
करवंटी आधी नुसती ज्वाळा करते, तेवढं सांभाळावं लागतं. बाकी मान्य. पुरायची सवय माझीही होती, लपवत नाही. गॅसबद्दलचं मत तेच.

वाटसरू८७
सिलेंडर आजपासून बाहेर, सावलीत, उभं. ग्रिल मात्र बदलणार नाही. डिसेंबरात येतोय, @मु_पो_केळशी, अंगण तुमचंच मिळेल का? बांगडे आम्ही आणू. सोबत चार माणसं, दोन पोरं.

मु_पो_केळशी
या. बांगडे मात्र इथलेच घेऊ, पुण्याहून बर्फातले आणलेत तर अंगणात घेणार नाही.