सीपी (सेरेब्रल पाल्सी, मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारं अपंगत्व) असलेल्या मुलाची घरची देखभाल, सरकारकडून नक्की काय काय मिळतं?

माणदेशी_बाबा:
नमस्कार मंडळी. मुलगा ४ वर्षांचा आहे, जन्मला तेव्हा रडला नाही म्हणून पेटीत ठेवलेलं, पुढे सीपी असल्याचं कळलं. झटके येतात, त्याची औषधं कायमची चालू आहेत. गिळता येत नाही, गेल्या दिवाळीपासून नाकातून नळी टाकलीये, दूध, पेज, मिक्सरमधून काढून गाळलेली खिचडी सगळं सिरिंजने नळीतून द्यावं लागतं. रात्री कफ दाटला की घरातलं कुणी झोपत नाही.
आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो, थोडी डाळिंबाची बाग आहे, बायको शिवणकाम करायची ते आता बंदच झालंय. झटके थांबेनात म्हणून अॅडमिट केलं तेव्हा महात्मा फुले योजनेत बसलं, एक रुपया लागला नाही, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण घरी आल्यावरचं काय? थेरपी, औषधं, नळ्या, कफ ओढायचं मशीन सगळं खिशातून. थेरपी चालू आहे तिथे काउंटरवर विचारलं तर म्हणाले घरच्या खर्चाला योजना बिजना काही नसते. खरंच काहीच नसतं का? कुणाला माहीत असेल तर सविस्तर सांगा.

गोदाकाठची_आई:
दादा, काहीच नाही असं नाही, पण एका जागी मिळत नाही, वेगवेगळ्या खात्यांतून गोळा करावं लागतं आणि कुणी आपणहून सांगत नाही हे खरं आहे. माझी मुलगी ११ वर्षांची आहे, सीपीच.
फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, पण ते मुख्यतः अॅडमिशन आणि ऑपरेशनसाठी, रोजची थेरपी त्यात नाही. त्यासाठी 'निरामय' बघा. नॅशनल ट्रस्ट म्हणजे १९९९ च्या कायद्याने झालेली केंद्र सरकारची संस्था, तिचा हा आरोग्य विमा आहे, वर्षाला १ लाखापर्यंत. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांसाठीच. आधीपासूनचा आजार आहे म्हणून नाकारत नाहीत, आधी तपासणीही करत नाहीत. नोंदणी फी दारिद्र्यरेषेखालच्यांना २५० आणि बाकीच्यांना ५०० रुपये. महत्त्वाचं म्हणजे ओपीडी, औषधं आणि थेरपीचे पैसेसुद्धा मिळतात, फक्त प्रत्येकाची वेगळी मर्यादा आहे, थेरपीला पूर्ण लाख मिळत नाहीत.
पैसे आधी आपण भरायचे, मग बिलं पाठवायची. त्यामुळे थेरपीच्या पावतीवर तारीख, मुलाचं दाखल्यावर आहे तसंच नाव, थेरपिस्टचा सही शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर असं सगळं आत्तापासूनच घ्यायला लागा. कच्च्या चिठ्ठीवर काही मिळत नाही. आणि मुदत एप्रिल ते मार्च असते, तेव्हा रिन्यूअल विसरू नका.
दिव्यांग दाखला काढलाय का? युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र? सगळं त्याच्यावरच अडतं.

फिजिओ_मराठवाडा:
मी सरकारी डीईआयसीमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या आजार-अपंगत्वावर लवकर उपचार करणाऱ्या जिल्ह्याच्या केंद्रात काम करते म्हणून लिहिते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जी डॉक्टरांची गाडी येते ना, तीच ही. ती टीम मुलांना जिल्ह्याच्या डीईआयसीला पाठवते. बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, स्पीच, मानसशास्त्रज्ञ, डोळे, कान सगळं एका छताखाली मिळावं म्हणून ही सेंटर काढलेली आहेत आणि सगळं मोफत. पदं सगळीकडे भरलेली नसतात हे मी मान्य करते, तरी नाव घालून ठेवा, तुमच्या अंगणवाडी ताईंकडून चिठ्ठी घेतली तर सोपं जातं.
आम्ही रोज थेरपी देऊ शकत नाही, गाव लांब असतं, मजुरी बुडते, म्हणून आईला शिकवण्यावर भर देतो. मांडीवर कसं धरायचं, पाय कात्रीसारखे आवळले तर कसे सोडवायचे, नळीतून देताना डोकं आणि छाती वर ठेवायची, दिल्यावरही अर्धा तास आडवं करायचं नाही. एवढं नीट जमलं तरी छातीत दूध जाऊन न्युमोनिया व्हायचा धोका कमी होतो. आणि दिवाळीपासून नाकातलीच नळी असेल तर पोटातून नळी बसवण्याबद्दल मेडिकल कॉलेजच्या बालशल्यचिकित्सकांना जरूर विचारा, इतके महिने नाकातून ठेवणं मुलाला त्रासाचं असतं.
बसवायला सीपी चेअर लागेल, ती अॅलिम्को या दिव्यांगांची साधनं बनवणाऱ्या सरकारी कंपनीच्या शिबिरात, साधनं देणाऱ्या केंद्राच्या अॅडिप योजनेतून मिळते, उत्पन्नाची अट आहे. बाजारातून घेऊ नका घाईने.

सह्याद्री_७:
निरामय सगळ्यांना नाही एवढं इथे लिहून ठेवतो, कारण बरेच जण आशेने फॉर्म भरतात. माझ्या मुलाला डीएमडी आहे, मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा एक प्रकार, स्नायूंचा आजार. दिव्यांग कायदा २०१६ चा, त्यात २१ प्रकार आहेत आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी त्यात आहे, पण नॅशनल ट्रस्टच्या चारात नाही, त्यामुळे आम्ही बाहेर. आमच्यासारख्यांना २०२१ चं दुर्मिळ आजार धोरण, ठरवून दिलेल्या मोठ्या केंद्रांतून ५० लाखांपर्यंत उपचार, मुंबईत केईएम हॉस्पिटल आहे. पण तो पैसा उपचारासाठी. मुलाला रात्री कुशीवर वळवायला, संडासला उचलून न्यायला जे माणूस लागतं त्याला कुठल्याच योजनेत जागा नाही. आजारी मूल घरी असतं हे धोरण करणाऱ्यांनी एकदा तरी डोळ्यांनी बघावं असं मला मनापासून वाटतं. त्याची आई गेली आठ वर्षं नर्सचं काम करतेय, सुट्टी न घेता, पगार न घेता.

माणदेशी_बाबा:
सगळ्यांचे खूप आभार, वाचून धीर आला. डीईआयसी हा शब्दच पहिल्यांदा ऐकला. ताई, दाखला आहे, गेल्या वर्षी सिव्हिलमधून काढलाय, पण त्यावर नुसतं अस्थिव्यंग ८० टक्के लिहिलंय, सीपी हा शब्द कुठेच नाही. चालेल का? आणि कफाचं मशीन कुणीच देत नाही का?

गोदाकाठची_आई:
तसा दाखला निरामयला अडू शकतो दादा. मेंदूतज्ज्ञांची फाईल, एमआरआय घेऊन परत बोर्डापुढे जा आणि सेरेब्रल पाल्सी असं नाव घालून मागा. समज पण मागे आहे असं डॉक्टरांनी लिहिलं असेल तर तेही दाखवा. लहान मुलांना बऱ्याचदा तात्पुरता दाखला देतात, त्याची तारीख बघून ठेवा, संपला की सगळंच थांबतं. इन्कम टॅक्स भरत असाल तर जुन्या करपद्धतीत ८०डीडी कलमाखाली ७५ हजार, आणि ८० टक्के किंवा वर असेल तर सव्वा लाख वजावट आहे, तुमचे ८० आहेतच.
आता मशीनचं. ग्रामपंचायत, पंचायत समिती, झेडपी या सगळ्यांना स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावेच लागतात. बऱ्याच गावांत हा पैसा वर्षाअखेरीस सगळ्यांना सारखा वाटून टाकतात नाहीतर पडून राहतो. तुम्ही ग्रामसेवकांकडे लेखी अर्ज द्या, सक्शन मशीन आणि फीडिंग ट्यूब लागतात असं डॉक्टरांचं पत्र जोडा, ग्रामसभेत विषय घ्यायला लावा. छोट्या पंचायतीचं उत्पन्नच कमी असतं म्हणून झेडपीच्या समाजकल्याण विभागाकडेही दुसरा अर्ज टाका. तोंडी बोलून सोडून देऊ नका, अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का मारून पोच घ्या.

फिजिओ_मराठवाडा:
आणि मशीन येईपर्यंत थांबू नका. छातीवर थापटून, कुशीवर झोपवून कफ सोडवायची पद्धत सिव्हिलच्या फिजिओ विभागात दाखवतात, दोघांनी मिळून जा म्हणजे रात्री आलटूनपालटून करता येईल. झटके चालू असताना मात्र थापटायचं नाही, आणि नळीतून दिल्यावर लगेच पण नाही.